साळूला कुठं बांधलं

"नऊ म्हणे! माझे डोळे गेलेत की काय? आठच आहेत. या म्हाताऱ्यांना आधी मोजायला शिकवा, मग शर्यतीला सोडा."

डेल माझ्यापासून दीड हातावर उभा राहून स्वतःशीच कुरकुरत होता. हातात पाटी, पाटीला लावलेला कागद, आणि थंडीनं शाई गोठते म्हणून पेन्सिल. त्याचं स्वतःचं वय सत्तरच्या पुढं. थांब्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीची कुत्री मोजून लिहून घ्यायची, एवढंच त्याचं काम. मला इंग्रजी कळायचं पण बोलता फारसं यायचं नाही, त्यामुळे लोक माझ्या शेजारी भिंतीशेजारी बोलावं तसं मोकळेपणानं बोलायचे.

ज्या म्हाताऱ्याबद्दल तो बोलत होता तो माझा नवरा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. फेब्रुवारी महिना, उत्तर कॅनडातली गोठलेली नदी, सकाळचे अकरा वाजलेले आणि पारा उणे अडतीस. कुत्र्यांच्या स्लेजची, म्हणजे बर्फावर घसरत जाणाऱ्या गाडीची, सहाशे मैलांची शर्यत, तिचा चौथा दिवस. विट्याची बाई तिथं काय करत होती असं कुणीही विचारेल. आमचा भाग गलाईवाल्यांचा. सोनं वितळवून शुद्ध करायची कला घेऊन आमची माणसं केरळपासून काश्मीरपर्यंत पोचली. आमचे हे जरा जास्तच पुढं गेले. तिकडं सोन्याच्या खाणी आहेत असं कुणीतरी सांगितलं आणि हे निघाले. सोनं मिळायचं तेवढं मिळालं, पण कुत्री घरात आली ती कायमची. हणमंत बाबरचा हॅन्क झाला, आणि दर हिवाळ्यात हॅन्क शर्यतीत उतरायला लागला. अकरा शर्यतींत त्यांचा सर्वांत वरचा नंबर चौदावा. तो त्यांनी विट्याला पत्रानं कळवला होता.

शर्यतीचा एक नियम आहे. थांब्यावर आलेल्या गड्यानं आपलं सगळं आपण करायचं. कुत्र्यांच्या पायांतले मोजे काढायचे, पेंढा पसरायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, कुऱ्हाडीनं गोठलेलं मांस फोडायचं, शिजवायचं, वाढायचं. घरच्यांनी नारिंगी दोरीच्या अलीकडं उभं राहायचं. बोललेलं चालतं, पण नुसता हातमोजा उचलून दिला तरी गडी बाद. सत्तावीस वर्षं मी या माणसाला ताट वाढलं होतं. आणि आता तो माझ्यापासून वीस पावलांवर, चार दिवसांचा उपाशी, काळवंडलेल्या बोटांनी कुत्र्यांच्या पायांतले मोजे सोडवत होता, आणि माझे हात खिशात.

ते मोजेही मीच शिवलेले. दीड हजार.

"अहो, जेवलात का काही?" मी दोरीवरून ओरडले.

"पोरांचं होऊ दे आधी!" हे वर न बघता म्हणाले.

पोरं म्हणजे कुत्री. सगळ्यांची नावं आमच्या गावची. खंड्या, मिरची, भिंगरी, पावशा. शर्यतीच्या लाउडस्पीकरवर ती ऐकताना हसू आवरायचं नाही. निघताना बारा होती. वाटेतल्या थांब्यांवर लंगडणारी तीन डॉक्टरांच्या ताब्यात दिली, हे आम्हाला कळलं होतं. राहिली नऊ.

यांनी पातेल्यातलं रटरटतं मांस वाढायला घेतलं. पेंढ्यावर पडलेल्या एकेका कुत्र्यापुढं वाडगं ठेवत आले. मिरचीपुढं ठेवलं. मग दोन हात जागा सोडून भिंगरीपुढं ठेवलं. आणि मग मागं वळून त्या मधल्या रिकाम्या जागेत एक वाडगं ठेवलं, नीट, बर्फात जरा दाबून, सांडू नये म्हणून.

वाडग्यातून वाफ निघत होती. समोर कुणी नव्हतं. ती जागा साळूची.

डेल दोरी ओलांडून गेला. त्याला परवानगी होती. "हॅन्क, नववं कुत्रं कुठाय रे?"

"आहे की."

"गाडीत घातलंय का? दमलेलं?"

दमलेलं कुत्रं स्लेजच्या पुढच्या पिशवीत घालून आणता येतं. यांनी मान डोलावली, पिशवीची चेन ओढली. आत कुऱ्हाड, झोपायची पिशवी, मोज्यांचं गाठोडं. हे बराच वेळ आत बघत राहिले. पिशवीत हात घालून तळापर्यंत चाचपून बघितलं. साळू म्हणजे काही चावी नव्हती. नऊ वर्षांची चांगली वीस किलोची कुत्री, घरातली सगळ्यांत थोरली.

माझ्या मागं वैजू येऊन उभी राहिली. आमची मुलगी, वय पंचवीस. थांब्याथांब्यावर ट्रक तीच आणायची. जन्म तिकडचा, पण मराठी आमचं ऐकून शिकलेली, त्यामुळं तिथल्या बर्फात उभी राहून ती थेट विट्याच्या बाजारातलं बोलायची.

"आई, साळू न्हाई."

"बघतीय मी."

"बाबांनी वाडगं कुणाला ठेवलंय मग?"



तेवढ्यात थांब्याच्या झोपडीतून नोरा आली. नोरा शर्यतीची पंच. स्वतः पंधरा शर्यती धावलेली, पायाची दोन बोटं त्यात गमावलेली, स्वभावानं मऊ बाई. तिनं यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हॅन्क, साळूला कुठं सोडलंस?"

यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. अडलेली कविता आठवल्यावर मुलाचा होतो तसा चेहरा.

"हां! बांधलीय तिला. पोट बिघडलं होतं तिचं. बाकीची तिला स्वस्थ पडू देईनात म्हणून बाजूला नेऊन बांधली. जरा पडू दे म्हटलं, निघताना पिशवीत घालू."

"आणि निघताना?"

"निघताना..." हे थांबले. "राहिली वाटतं."

"होतं रे असं," नोरा म्हणाली. "चार दिवसांत सहा तास झोपला असशील. मी एकदा नदीवर आगगाडी बघितली होती. डब्यांत दिवे लागलेले. मी तिला वाट दिली, बाजूला होऊन!"

डेल हसला. हेही हसले. दोरीच्या अलीकडं मीही हसले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! या शर्यतीत सगळेच विसरतात. कुणी हातमोजे विसरतं, कुणी स्वतःचं नाव. अख्ख्या जगात हीच एक जागा होती, जिथं माझ्या नवऱ्याकडं कुणी वळून बघणार नव्हतं.

"जागा सांग," नोरा म्हणाली. "दोन वाजता वारा सुटणार आहे. वारा सुटला की मी कुणालाच नदीवर पाठवणार नाही. आत्ता साडेअकरा झालेत."

"मोडक्या होडीपाशी," हे ठामपणे म्हणाले. "डाव्या काठाला. होडीच्या मागं बांधलीय. वारा लागत नाही तिथं."

नोरानं वायरलेसवर सांगितलं. शर्यतीच्या कामावरची दोन तरणी पोरं स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरच्या मोटारी, घेऊन भरधाव निघाली. हे पुन्हा पेंढा सारखा करायला लागले. बरोबर दिसलं सगळं. कुत्रं हरवलं, जागा आठवली, माणसं निघाली.

वैजूनं माझी बाही ओढली आणि मला ट्रकपाशी नेलं.

"आई. या वाटंवर मोडकी होडी कुठाय?"

"असंल एखादी."

"मी चार येळा आलीय या नदीवर. न्हाई."

"नदीकाठी होड्या नसतील तर काय बैलगाड्या असतील?"

"मोडकी होडी आपल्या तळ्यावर हाय, आई. घरामागं. बाबा साळूला तिथंच बांधायचे, ती पिल्लू असताना."

मी थर्मास उघडला, चहा ओतला, तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, पण प्याली नाही.

"घे की. निवंल."

"आई, नोराला सांगूया?"

"काय सांगायचं?"

 वैजूनं कपातला चहा बर्फावर ओतला, एवढंच.

मला माहीत होतं काय सांगायचं ते. दीड वर्षापूर्वीच्या गणपतीत यांनी मला विचारलं होतं, आईला फोन लावलास का? सासूबाई जाऊन सात वर्षं झाली होती. मी म्हटलं, लागत नाही फोन. मग एकदा कुत्र्यांना दिवसातून तीनदा जेवण घातलं. कुत्री कशाला सांगतील! मग ट्रक घेऊन दुकानाला गेले आणि संध्याकाळी दुसऱ्याच गावातून वैजूला फोन आला, पेट्रोल संपलंय म्हणून. पेट्रोल संपलं नव्हतं. तिथल्या दवाखान्यातून तपासणीची तारीख आली, तो कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवला. तारीख गेली, कागद राहिला.

आम्ही तिघंही एकाच घरात राहत होतो आणि तिघंही म्हणत होतो, झोप कमी होतीय.

शर्यतीचा अर्ज यांनी भरला तेव्हा मी अडवलं नाही. का, ते नऊ वर्षं मी स्वतःला विचारते आहे. मला वाटलं, वाट तर खंड्याला पाठ आहे. माणसानं मागं नुसतं उभं राहायचं. गाडी कुत्री ओढतात, वळणं कुत्री घेतात, घरी कुत्री आणतात. आणि खरं सांगायचं तर, स्लेजवर उभे असले की हे अगदी पहिल्यासारखे दिसायचे. पाठ ताठ, मान वर. मला तो माणूस अजून एकदा बघायचा होता.

खबरदारी मात्र मी घेतली होती. यांच्या कोटाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कापडाचा तुकडा लावून त्यावर लाल दोऱ्यानं अक्षरं भरली होती. मराठीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये. 'थांबलात की मोजा. निघताना मोजा.' किती, ते भरता आलं नाही. वाटेत कुत्री कमी होत जातात, आकडा बदलतो. तर मोजा, एवढंच. आणि यांनी मोजलंही असणार. माझं ऐकायचे. खाली वाकून एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं असेल. आठ भरली. आठ तर आठ, आणि निघाले.

साडेबारा वाजता स्नोमोबाईल परत आल्या. पोरांच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं.

"होडी नाही," एक म्हणाला. "बावीस मैल गेलो. डावा काठ सगळा बघितला. उजवापण बघितला. होडी नाहीच."

"आहे," हे म्हणाले. "नीट बघितली नसेल."

"हॅन्क, होडी असती तर..."

"अरे मी बांधलीय तिला! माझ्या हातानं! तुम्ही काल जन्मलेली पोरं, मला शिकवताय?" हे एवढे ओरडले की पेंढ्यावरची आठही कुत्री उठून उभी राहिली. यांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे दीड वर्षापूर्वीपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

 नोरा दोरीपाशी आली, माझ्या अगदी समोर.

"शालन," ती हळू आवाजात म्हणाली, "तू याला ओळखतेस. ही मोडकी होडी कुठं आहे?"

वैजू माझ्या डाव्या हाताला होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. नोराच्या खांद्यावरून मला हे दिसत होते. कान आमच्याकडं लावून, हातातलं रिकामं पातेलं पुसत होते, पुसलेलंच परत पुसत होते.

"बर्फाखाली गेली असेल," मी म्हणाले.

आयुष्यात मी अडखळल्याशिवाय बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

नोरानं मान डोलावली. पोरं पुन्हा निघाली, या वेळी फावडी घेऊन.

साळू आम्हाला मिळाली ती तिसऱ्या दिवशी, वारा पडल्यावर. थांब्यापासून अवघ्या अकरा मैलांवर, वाटेपासून चाळीस पावलं आत, एका झाडाखाली. दोन्ही खेपांना पोरं तिच्याजवळून गेली होती. पण पोरं होडी बघत गेली, काठ बघत गेली. झाडांकडं कुणी बघितलंच नाही, कारण तसं कुणी सांगितलंच नव्हतं. साळू नाक शेपटीखाली घालून गोल बसली होती, अंगावर हातभर बर्फ. जनावरांच्या डॉक्टरनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, तिला कळलंही नसेल. वैजूला मात्र त्यानं खरं सांगितलं. निदान पहिल्या संध्याकाळपर्यंत ती जिवंत असावी. तिला बांधलेली दोरी साधी सुताची होती. दातांनी पाच मिनिटांत तुटली असती. तिनं तोडली नव्हती. बांधलं की बसायचं, न्यायला येतात, हे तिला तळ्यावर यांनीच शिकवलं होतं.

पण त्या दिवशी दुपारी एक वाजता यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आकाश स्वच्छ होतं. वेळ होता. मी दोरीला धरून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं. होडी असू दे. कुठूनतरी एक होडी या काठाला येऊ दे.

दीडला पोरं रिकामीच आली. वारा ठरल्या वेळेआधीच निघाला होता, नदीच्या वळणावर बर्फाचा धूर दिसायला लागला होता.

"शेवटचं," नोरा म्हणाली. "अर्धा तास आहे. त्यानंतर मी कुणालाही सोडणार नाही, कुत्र्यासाठीही नाही. हॅन्क, इकडं बस. डोळे मीट. थांबलास तिथून सांग. सावकाश."

हे स्लेजच्या कडेवर बसले. डोळे मिटले.  डेलनं पाटी काखेत धरली होती.

"उतरलो," हे म्हणाले. "साळूला सोडली. कडेला नेली. बर्फ गुडघ्याएवढं. डाव्या हाताला होडी. होडीच्या पलीकडं... पलीकडं पाण्याचा पंप. पंपाला मी गोणपाट गुंडाळलंय, गोठू नये म्हणून. पलीकडं शालननं मोजे वाळत घातलेत तारेवर..."

थांबले.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातल्या एकाला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं.

"झोप," डेल घाईघाईनं म्हणाला. "झोप नाही ना, नोरा. मलापण एकदा असंच..."

"हो," नोरा म्हणाली. "झोपच."

"झोप कमी होते बाबांची," वैजू इंग्रजीत म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

आता माझी पाळी होती. सगळ्यांनी आपापलं म्हणून झालं होतं. माझ्या तोंडात तेच शब्द तयार होते.

यांनी डोळे उघडले. कोटाची चेन खाली ओढून आतलं कापड बाहेर काढलं आणि वाचलं. वाचायला वेळ लागला. दोनच वाक्यं होती. मग उठून कुत्र्यांपाशी गेले आणि मोजायला लागले, एकेकाच्या डोक्याला हात लावून, मराठीत, मोठ्यानं. खंड्या, एक. पावशा, दोन. त्यांना कुणी अडवलं नाही. आठ म्हणून झालं तेव्हा ते मिरची आणि भिंगरीच्या मधे उभे होते. खाली वाडगं होतं. मांस दगडासारखं गोठलं होतं. ते वाडग्याकडं बघत राहिले, मग वर, माझ्याकडं.

"शालन," ते मला म्हणाले, "पंप तर घरी हाय."

"व्हय," मी म्हणाले.

"म्हंजी होडीबी घरी."



ते नोराकडं वळले. टोपी काढली. उणे अडतीसमध्ये कुणी टोपी काढत नाही. पांढरे झालेले विरळ केस घामानं चिकटले होते, ते बघता बघता गोठायला लागले. इंग्रजी ते माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं बोलायचे, पण त्या वेळी एकेक शब्द शोधून बोलले.

"नोरा, मी सांगतो त्यावर जाऊ नकोस. सगळी वाट धुंडाळा, दोन्ही बाजूंनी, कुठंही असेल. हे झोपेचं नाही. मला आठवत नाही. दीड वर्ष झालं, मला काही आठवत नाही." आणि नारिंगी दोरीकडं बोट करून म्हणाले, "हिला विचार. हिला सगळं माहीत आहे."